समाधीमागची राणी

मोहर्लीच्या फाटकातून जिप्सी ताडोबाच्या तळ्याकडे निघाली, की वाटेच्या कडेला दगडी खांब दिसू लागतात. एक मागे पडतो, थोड्या अंतराने दुसरा येतो. वाघाच्या आशेने आलेली मंडळी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. कुणी विचारलंच तर गाईड सांगतो, हे गोंड राजांच्या वेळचे. यांच्यातून दोर ओवलेला असायचा, दोराला घंटा असायच्या, आणि राजाची स्वारी निघाली की दोर हलवून पुढच्या ठाण्याला वर्दी द्यायचे. दोर नेमका कसा चालायचा हे कळायला आता मार्ग नाही. पण खांब तिथे आहेत, आणि ज्या वाटेवर आज माणसाला गाडीतून उतरायची मुभा नाही, ती वाट एके काळी राज्याच्या रोजच्या येण्याजाण्याची होती, एवढं ते सांगतात.

त्या राज्याची राजधानी चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, मोहर्लीपासून तीसेक किलोमीटरवर. आणि मोहर्ली ज्या भद्रावती तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात चंदनखेडा नावाचं जुनं गाव आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या चंदनखेड्याच्या गोंड घराण्यातला एक मुलगा चांद्याला नेऊन गादीवर बसवला गेला. त्याला निवडणारी, दत्तक घेणारी आणि तो कर्ता होईपर्यंत राज्य सांभाळणारी बाई म्हणजे बीरशहाची विधवा, राणी हिराई.

चंद्रपुरात आज हिराईचं नाव निघालं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: शहाजहानने बायकोसाठी ताजमहाल बांधला, आमच्या हिराईने नवऱ्यासाठी समाधी बांधली. वाक्य खोटं नाही. अंचलेश्वर दरवाजाजवळची बीरशहाची समाधी तिनेच उभारली. पण या एका वाक्यात राणीची पंधराएक वर्षं गडप होतात. नवऱ्यावर माया करणारी बायको उरते; राज्य चालवणारी बाई दिसेनाशी होते. हा बदल कसा झाला, हे समजून घ्यायचं तर आधी ते राज्य आणि त्या राजाचा शेवट, दोन्ही पाहायला हवं.

ससा, कुत्रा आणि पहिली राणी

चांद्याच्या गोंड राजांची हकीकत आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः लोकांच्या तोंडून. नागपूरच्या भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनी जिल्ह्याची जमाबंदी केली. ते काम पाहणाऱ्या मेजर लूसी स्मिथने १८६९ च्या आपल्या अहवालात शेतसाऱ्याच्या आकड्यांबरोबर जुन्या राजांच्या कथाही टिपून ठेवल्या. पुढे १९०९ च्या जिल्हा गॅझेटियरने आणि नंतर अ. ज. राजूरकरांसारख्या स्थानिक इतिहासकारांनी त्याच धाग्यावर काम केलं. त्यामुळे या इतिहासात सनावळीपेक्षा कथा जास्त आहेत. कथा आहेत म्हणून त्या टाकून द्यायच्या नाहीत. कोण कशासाठी काय सांगतं, हे त्यांतून कळतं.

शहराच्या जन्माची कथा अशी. खांडक्या बल्लाळशहा नावाच्या राजाच्या अंगभर गाठी होत्या. राणी हुशार होती. तिच्या सल्ल्याने राजाने जागा बदलली आणि वर्धेच्या काठी बल्लारपूर वसलं. शिकारीला गेलेला राजा एकदा झरपट नदीच्या पात्रातल्या डबक्याचं पाणी प्यायला, त्या पाण्याने तोंड धुतलं, आणि त्याच्या गाठी बऱ्या होऊ लागल्या. पुढे त्याच भागात त्याने एक अजब देखावा पाहिला: कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा कुत्र्याच्या मागे लागला होता. राजाने घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा राणी म्हणाली, ही जागा बळ देणारी आहे, इथेच कोट बांधा; ससा ज्या वाटेने धावला तीच भिंतीची रेघ धरा. चांद्याच्या परकोटाची आखणी अशी झाली, असं लोक सांगतात.

या कथेतली राणी बहुतेक ठिकाणी नुसती ‘राणी’ आहे. दुखणं तिने काढलं, जागा तिने सुचवली, शहर तिच्या सल्ल्याने उभं राहिलं. नाव मात्र राजाचं लागलं. हिराईकडे येण्याआधी ही गोष्ट ध्यानात ठेवायची. चांद्याच्या कथेत राजाला शहाणपण शिकवणारी बायको पहिल्यापासून आहे. फक्त तिने पडद्याआड राहायचं असतं.

परकोट पुढच्या राजांनी चढवत नेला. सुमारे अकरा-बारा किलोमीटरचा घेर, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे, शिवाय बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण अशा पाच खिडक्या. दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे; तीच गोंड राजांची खूण. भिंतींइतकंच महत्त्वाचं काम रानात आणि शेतात झालं. हिरशहा नावाच्या राजाने ठरवून टाकलं, की जो जंगल तोडून जमीन वहितीला आणील ती त्याची, आणि जो तळं बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन इनाम. आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यातल्या तळ्यांची परंपरा अशा धोरणांतून वाढली.

बाहेरच्या जगाला हे राज्य ठाऊक होतं. अकबराच्या काळच्या आइन-इ-अकबरीत चांद्याच्या बाबाजी या गोंड राजाजवळ एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ असल्याची नोंद आहे, आणि जवळच्या वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचाही उल्लेख आहे. हिऱ्यांचं नाव झालं की पाहुणे येतातच. औरंगजेबाच्या अमदानीत, १६६७ मध्ये, दिलेरखान फौज घेऊन चांद्यावर आला आणि जबर खंडणी ठरवून गेला. दाट जंगल आणि दगडी कोट यांनी राज्य राखलं होतं. पण त्या राखण्याची किंमत रोख मोजावी लागत होती.

बीरशहाचा शेवट

अशा राज्याच्या गादीवर सतराव्या शतकाच्या अखेरीस बीरशहा होता. उत्तरेला देवगडचं दुसरं गोंड राज्य. दोन्ही घराणी एकाच जातकुळीची, म्हणून सोयरीक होत होती आणि वैरही होत होतं.

कथा सांगते, बीरशहाची लेक देवगडच्या दुर्गपाल नावाच्या राजपुत्राला दिली होती. त्याने तिचा अपमान केला. लेकीने बापाकडे निरोप पाठवला. बीरशहाने शपथ घेतली, की दुर्गपालचं शिर महाकालीच्या पायाशी ठेवीन. लढाई झाली, बीरशहाने जावयाचं मुंडकं आणलं आणि देवीपुढे ठेवलं. महाकालीच्या मंदिरावर दगडात कोरलेलं एक शिर दाखवतात, देवगडच्या दिशेला तोंड केलेलं. ते दुर्गपालचं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

लेकीच्या मानासाठी जावयाला मारणाऱ्या या राजाचा स्वतःचा शेवट मात्र वरातीत झाला. बीरशहा दुसरं लग्न करत होता. त्याच्या पदरी हिरामण नावाचा राजपूत होता. त्याच्याजवळ मंतरलेली तलवार आहे अशी बोलवा होती. लग्नाच्या गर्दीत या हिरामणाने राजालाच कापलं. का, याचं उत्तर कथेत धड मिळत नाही.

इथे थोडं थांबावं लागतं, कारण हिराईच्या आजच्या प्रतिमेतून नेमका हाच तपशील गळालेला आहे. ज्या नवऱ्यासाठी तिने शहरातली सगळ्यात मोठी समाधी बांधली, तो नवरा मेला तेव्हा दुसरी बायको आणायला निघाला होता. त्या काळच्या राजाला अनेक राण्या असणं काही नवल नव्हतं. बीरशहाला मुलगा नव्हता. गादीला वारस हवा म्हणून दुसरं लग्न, हा हिशेब कुणालाही समजण्यासारखा होता. तरीही ‘प्रेमाचं प्रतीक’ म्हणून समाधी दाखवताना गाईडला ही वरात सांगायची अडचण होते. मग ती सांगितलीच जात नाही.

राजा मेला तेव्हा हिराईपुढे काय होतं, याची यादी केली तर प्रेमाची भाषा मागे पडते. गादीला मुलगा नाही. मारेकरी घरातला. उत्तरेला देवगड, आणि तिथे बख्त बुलंद शहासारखा हुशार राजा. तो औरंगजेबाच्या दरबारी जाऊन मुसलमान झाला, पुढे मुघलांवरच उलटला, आणि नागपूर शहराचा पाया त्याच्याच नावावर आहे. दख्खनेत औरंगजेब स्वतः तळ देऊन बसलेला. खंडणीची टांगती तलवार कायम. मराठ्यांच्या फौजा वऱ्हाडात ये-जा करू लागलेल्या. अशा वेळी रिकामी गादी म्हणजे भाऊबंदांना आणि शेजाऱ्यांना उघडं आवतण.

चंदनखेड्याचा मुलगा

हिराईने पहिलं काम केलं ते वारसाचं. चंदनखेड्याला राजघराण्याच्या नात्यातली मंडळी होती. तिथल्या रामशहा नावाच्या मुलाला तिने दत्तक घेतलं. मुलगा लहान होता, म्हणून कारभार तिच्या हाती राहिला. साधारणपणे १७०४ ते १७१९ हा तिच्या कारभाराचा काळ मानतात.

दत्तक ही वरवर घरगुती गोष्ट. पण रिकाम्या गादीवर कुणाला बसवायचं हे जो ठरवतो, राज्य त्याचं असतं. मोठ्या वयाचा भाऊबंद बसवला असता तर हिराई राजवाड्याच्या मागच्या खोल्यांत गेली असती. लहान मुलगा आणला म्हणून ती आई झाली, आणि आई म्हणून तिच्या हुकुमाला वजन आलं. मूल थोरल्या शाखेबाहेरचं, गावाकडचं. त्याचं सगळं मोठेपण तिच्या मांडीवर बसण्यातून येणार होतं.

ती एकटी अशी नव्हती. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले आणि ताराबाईंनी आपल्या लहान मुलाला, शिवाजीला, गादीवर बसवून औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली. सह्याद्रीत ताराबाई आणि झाडीत हिराई, दोघी एकाच दशकात एकाच पेचातून वाट काढत होत्या. गोंडांच्याच इतिहासात दीडशे वर्षं आधी गढा-मंडल्याच्या राणी दुर्गावतीने नवऱ्यामागे मुलाच्या नावाने राज्य केलं होतं, आणि १५६४ मध्ये अकबराच्या सरदाराशी, आसफखानाशी, लढताना प्राण दिले होते.

पण या तिघींत एक फरक आहे, आणि हिराईच्या वाट्याला कमी प्रसिद्धी का आली हे त्यात दडलेलं आहे. दुर्गावती रणात पडली. ताराबाई घोड्यावर बसून मोहिमा आखत राहिली. अशा बायका गोष्टीत ठसतात. हिराईच्या काळात चांद्यावर मोठी लढाई झाल्याची, शहर लुटलं गेल्याची आठवण नाही. राज्य टिकलं, वारस वाढला, शहर बांधलं गेलं. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, दिल्लीत गादीसाठी भांडणं लागली, १७१९ मध्ये मराठ्यांना चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. सगळीकडे उलथापालथ चालू असताना चांद्यात शांतता होती. शांततेवर पोवाडे रचत नाहीत.

दगडात बोलणं

शांतता राखणाऱ्या या बाईने आपलं म्हणणं मांडलं ते बांधकामातून. परंपरा तिच्या नावावर मुख्यतः तीन कामं मांडते: बीरशहाची समाधी, तिच्या शेजारचं अंचलेश्वराचं मंदिर, आणि झरपटीपलीकडचं महाकालीचं मंदिर. ही तीन कामं वेगवेगळी पाहिली तर धर्मशील विधवा दिसते. एकत्र पाहिली तर वेगळं काही दिसतं.

समाधीपासून सुरुवात करू. अंचलेश्वर दरवाजाच्या आत गोंड राजांच्या समाध्यांचं आवार आहे. लहानमोठ्या समाध्या, त्यांत सगळ्यात भव्य बीरशहाची. चौकोनी दगडी बांधणी, कमानी, वर घुमट. उत्तरेकडच्या मुसलमानी इमारती पाहिलेल्या माणसाला ती ओळखीची वाटेल. त्या काळी दरबारी थाट याच भाषेत बोलत होता. आत शिरलं की बाहेरच्या रस्त्याचा कलकलाट एकदम खाली येतो. दगड थंड लागतो. घुमटाखाली आपल्याच पावलांचा आवाज परत येतो.

पण समाधीच्या घुमटाखाली एक जुनी गोंडी रीतही आहे. गोंडांमध्ये पुरण्याची चाल आहे, आणि मृताच्या नावाने दगड उभा करण्याचीही. भामरागडच्या बाजूला माडिया गावांजवळ आजही असे उभे दगड दिसतात. एकेक दगड म्हणजे एकेक माणूस. दगड उभा राहिला की माणूस कुळात कायमचा जमा झाला. हिराईने हीच रीत राजवाड्याच्या मापाने पाळली. वारस न ठेवता, वरातीत, पदरच्या माणसाच्या हातून मेलेल्या राजाचं मरण अपशकुनी ठरू शकत होतं. सगळ्यात मोठा दगड त्याच्या नावाने उभा करून तिने त्याला पूर्वजांच्या रांगेत मानाने बसवलं. आणि त्याच्या गादीवर बसलेला चंदनखेड्याचा मुलगा आपोआप त्या रांगेचा पुढचा माणूस झाला. दत्तकपत्र कागदावर असेल तर चार माणसं वाचतात. एवढी समाधी दरवाजातून येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचतो.

शेजारचं अंचलेश्वर हे महादेवाचं. राजघराणं गोंडांचं, पण शहरात आणि मुलखात तेलुगू-मराठी बोलणारे व्यापारी, ब्राह्मण, कुणबी, कारागीर होते. या साऱ्यांना एका छत्राखाली ठेवायचं तर राजाच्या पूर्वजांशेजारी सगळ्यांचा देव हवा. अंचलेश्वराच्या भिंतींवर लहान लहान चौकटींत कोरीव काम आहे. एकेका चौकटीत माणसं, देव, जनावरं. घाईत बघणाऱ्याला ती नुसती नक्षी वाटते.

महाकालीचं मंदिर शहराच्या परकोटाबाहेर. देवीचं ठाणं जुनं. खांडक्या बल्लाळशहाच्या कथेतही ते येतं. हिराईने तिथे मोठं मंदिर उभारलं, आणि देवगडकडे तोंड केलेलं ते दगडी शिर त्याच मंदिरावर आहे. उत्तरेकडच्या शेजाऱ्याला दिलेली ही ताकीद होती, दर वर्षी नव्याने न लिहिता कायम टिकणारी. राजा मेला असला तरी त्याची शपथ इथे जागी आहे, असं ते शिर म्हणत राहिलं.

म्हणजे भाऊबंदांसाठी समाधी, प्रजेसाठी महादेव आणि शेजाऱ्यासाठी देवी. हिराईच्या हातचं बोलणं कागदावर आपल्यापर्यंत फारसं आलेलं नाही. पण सत्तेवरच्या विधवेला जे जे सांगायची गरज असते, ते सगळं या तीन ठिकाणी सांगून झालं आहे. आणि सांगण्याची तऱ्हाही धूर्त होती. तिने स्वतःच्या नावाचा वाडा बांधला नाही, स्वतःचा पुतळा उभारला नाही. नवऱ्याचं आणि देवांचं नाव पुढे केलं. बाईने राज्य करणं ज्यांना खुपलं असतं, त्यांना पतिव्रता विधवेच्या भक्तीविरुद्ध बोलायला तोंड नव्हतं. ‘पतीची समाधी बांधणारी सती-सावित्री’ ही प्रतिमा लोकांनी नंतर चिकटवली हे खरं; पण तिची पहिली रेघ बहुधा हिराईनेच ओढली होती. तेव्हा ती तिची ढाल होती. पुढे तीच तिची चौकट झाली.

राज्य गेलं, दगड राहिले

हिराईची निवड कशी होती हे रामशहाच्या कारकिर्दीवरून ठरवायचं, तर तिला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. रामशहा शांत, न्यायी राजा म्हणून लोकांच्या आठवणीत राहिला. नागपूरकर रघुजी भोसले एकदा खंडणीचा डाव मनात धरून चांद्याला आला, आणि रामशहाची साधुवृत्ती पाहून हात जोडून परत गेला, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीतली अतिशयोक्ती बाजूला ठेवली, तरी एवढं खरं की रामशहा १७३५ मध्ये वारला तोवर चांद्याचं राज्य उभं होतं.

त्याच्या मुलाने, नीलकंठशहाने, ते घालवलं. त्याचा स्वभाव क्रूर. आपल्या जुन्या दिवाणाला त्याने मारलं आणि घरचीच माणसं बिथरवली. १७४९ मध्ये रघुजी पुन्हा आला, तेव्हा फितुरीने वाट मोकळी केली. उत्पन्नाचा मोठा वाटा भोसल्यांना देण्याचं ठरलं. नीलकंठशहाने दोन वर्षांत करार मोडायला पाहिलं, आणि १७५१ मध्ये तो बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदी झाला. चांद्याचं गोंड राज्य संपलं. हिराईने रामशहाला आणल्यापासून पन्नासेक वर्षांत.

दोन पिढ्या म्हणजे फार नव्हे. पण तिच्याशिवाय त्या मिळाल्याच नसत्या. राजा वरातीत मेला, त्याच दिवशी हे राज्य देवगडच्या, मुघलांच्या किंवा भाऊबंदकीच्या घशात जायचं. ते गेलं नाही. मधल्या काळात शहराला जे रूप आलं, तेच पुढे टिकलं. भोसले आले, १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफा परकोटावर धडाडल्या, १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. मंदिरं आणि समाध्या जागच्या जागी राहिल्या. लूसी स्मिथने जेव्हा या राजांबद्दल लिहिलं, तेव्हा त्याला भावलं ते त्यांनी मागे ठेवलेलं सुस्थित राज्य, त्यांची तळी आणि आत आकसलेल्या शहराला मोठा पडू लागलेला तो कोट.

नावाचं पुढे काय झालं

इंग्रज अधिकाऱ्यांनी हिराईला ‘बांधणारी राणी’ म्हणून नोंदवलं. साहेबाला इमारत दिसते, मोजता येते. त्यामागचा पंधरा वर्षांचा कारभार मोजता येत नाही. गॅझेटियरमधून ते वर्णन शाळेच्या पुस्तकांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकांत झिरपलं. आग्र्याच्या ताजमहालाशी तुलना सोपी होती आणि गावाचा अभिमान सुखावणारी होती. हळूहळू तुलनाच उरली.

गेल्या काही दशकांत चित्र थोडं हललं आहे. गोंड समाज आपल्या राजा-राण्यांची नावं नव्याने मागतो आहे. जबलपूरच्या विद्यापीठाला १९८३ मध्ये राणी दुर्गावतीचं नाव मिळालं. चंद्रपूर महानगरपालिकेची सभा जिथे भरते त्या सभागृहाला राणी हिराईचं नाव आहे. म्हणजे निदान एका खोलीत तरी तिचं नाव कारभाराशी जोडलेलं आहे, नळाच्या पाण्यावरून आणि रस्त्याच्या खड्ड्यांवरून भांडणाऱ्या नगरसेवकांच्या डोक्यावर. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ या संस्थेच्या तरुणांनी परकोटावर माजलेली झाडं-झुडपं आणि कचरा काढायला घेतला. महिनोन्‌महिने रोज सकाळी श्रमदान चाललं, तेव्हा अनेक चंद्रपूरकरांनी आपल्याच गावाची भिंत पहिल्यांदा नीट पाहिली.

सत्तेवरच्या माणसाच्या बायकोला समाज दोनच जागा देतो. एक, मागे उभी राहून बळ देणारी. दुसरी, नवऱ्यामागे त्याची आठवण जपणारी. खांडक्याची राणी पहिल्या जागेवर बसली आणि तिचं नाव पुसट झालं. हिराईला दुसरी जागा मिळाली, नाव टिकलं, काम पुसट झालं. मधली जागा, नवऱ्याच्या नावाने का होईना स्वतः निर्णय घेणारी, ही सांगायला अवघड. कारण तिथे बाईची माया आणि तिचा हिशेब वेगळे काढता येत नाहीत. हिराईच्या बाबतीत ते वेगळे काढायची गरजही नाही. दुसऱ्या लग्नाच्या वरातीत मेलेल्या नवऱ्यावर तिचं प्रेम होतं की नाही, हे समाधी सांगत नाही. त्याचं राज्य तिने बुडू दिलं नाही, एवढं मात्र तिथला दगड नि दगड सांगतो.

चैत्रात महाकालीची यात्रा भरते. नांदेड-परभणीकडून, तेलंगणातून माणसं येतात. झरपटीच्या काठी तळ पडतात, चुली पेटतात, डोक्यावर देवीचं सामान घेतलेल्या बायका रांगेत उभ्या राहतात. त्यांच्यातल्या बहुतेकींना हिराई माहीत नाही, बीरशहा माहीत नाही, वर कुठे तरी देवगडकडे बघणारं शिर आहे हेही ठाऊक नाही. रांग पुढे सरकते, एखादी म्हातारी दगडी खांबाला हात टेकते आणि उंबरा ओलांडून आत जाते. तीनशे वर्षांपूर्वी एका विधवेने प्रजेला जोडून ठेवण्यासाठी जो दरवाजा उघडला होता, त्यातून ती आत जाते, आणि बाहेर येताना तिच्या कपाळावर कुंकवाचा मळवट असतो.